जॅकी चॅन टाईप फायटिंगचा व्हिडिओ गावातल्या गावात कसा काढायचा

आमच्या खान्देशात दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरं सुट्टीवर गावी आली की कोणाच्या तरी डोक्यात येतंच, चला रे एक फायटिंगचा व्हिडिओ काढू. मग पुढे काय होतं ते पण ठरलेलंच, एकजण गॉगल लावतो, चार जण त्याच्या अंगावर धावून येतात, हा नुसता हात फिरवतो आणि चौघं उडाल्यासारखं करून हौदाजवळ पडतात, वरून स्लो मोशन आणि साऊथच्या पिक्चरचं ढाण ढाण म्युझिक. बघणारा पाच सेकंदात पुढे सरकतो. आम्ही असले सात-आठ काढले असतील, त्यातला एकही माझ्या आईने शेवटपर्यंत बघितला नाही, आणि ती तर सख्खी माय.

मागच्या वर्षी मात्र जमलं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, पूर्ण गल्ली हसली, आबा तर दोनदा बघून म्हणे परत लाव. फरक एवढाच की यावेळी गॉगल काढून ठेवला आणि हीरोला मार खायला लावला. ते कसं केलं ते सांगतो, जमेल तसं.

कॅमेरा बिमेरा नंतर, आधी पिक्चर बघा. 1978 चा 'ड्रंकन मास्टर', जॅकी चॅनचा. लहानपणी हिंदी डबिंगमध्ये तुकड्या तुकड्यात बघितला असेल, आता नीट बसून बघा, हातात वही घेऊन. वही हसण्यासारखी वाटेल पण लागते. त्यात हीरो आहे वाँग फेई-हुंग, म्हणजे चीनमध्ये ज्याच्या नावाच्या गोष्टी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात असा मोठा खराखुरा वैद्य आणि कुंगफूचा उस्ताद, आणि या पिक्चरमध्ये त्याला दाखवलंय एकदम वाया गेलेलं कार्टं. खिशात दमडी नाही तरी हॉटेलात बसून ताट भरून खातो, बापाचं ऐकत नाही, मारामाऱ्या करत फिरतो. मग बाप त्याला एका बेवड्या म्हाताऱ्याच्या हवाली करतो आणि तो म्हातारा त्याची जी पिदाडणी काढतो ती बघा, उलटा टांगून ठेवलेला, खाली पाण्याने भरलेलं भांडं, हातात इवलासा कप, पोटाच्या जोरावर वर उठून तेच पाणी वरच्या बादलीत ओतायचं. अर्धा पिक्चर पोरगं कळवळतंच आहे. आणि म्हणून शेवटी ते जिंकतं तेव्हा आपण खुर्चीतून उठतो.

आता हे जॅकीला सुचलं कसं ते पण माहीत असावं, कारण पूर्ण ट्रिक तिथेच आहे. ब्रूस ली 1973 ला गेला आणि हाँगकाँगमध्ये जो तो नवीन ब्रूस ली शोधायला निघाला. जॅकी त्याआधी त्याच्याच पिक्चरमध्ये मार खाणाऱ्या स्टंटवाल्यांमध्ये होता. त्याला पण धरून ब्रूस ली बनवायला गेले, 1976 ला तसला पिक्चर पण काढला, चेहरा गंभीर, डोळे लाल, बदला घेणारा. चालला नाही. चालणारच नाही ना, त्याच्या तोंडाकडे बघून भीती कोणाला वाटणार, नाक एवढं मोठं आणि चेहरा शेजारच्या घरातल्या पोराचा. मग 1978 मध्ये युएन वू-पिंग नावाच्या डायरेक्टरने त्याला मोकळं सोडलं आणि याने सगळं उलटं करून टाकलं. ब्रूस ली एका ठोशात पाडायचा तर याचा ठोसा बसला की ह्याचाच हात दुखतो, फू फू करत झटकतो. तो लाथ आभाळात मारायचा, हा गुडघ्याच्या खाली मारून पळून जातो. (हाच युएन वू-पिंग पुढे 1999 च्या 'मेट्रिक्स'ची फायटिंग बसवायला गेला, आणि पिक्चरमधला बेवडा म्हातारा म्हणजे त्याचा सख्खा बाप. घरचंच कार्य.)

तर आपल्या व्हिडिओत हीरो कोण घ्यायचा? जिमवाला घेऊ नका. आमच्याकडे एक दादा आहे, दंड असे फुगलेले, पहिल्या सगळ्या व्हिडिओत तोच हीरो होता. यावेळी त्याला व्हिलन केला आणि हीरो घेतला चुलतभाऊ, पंचावन्न किलोचा, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा. तो फ्रेममध्ये आला तिथेच लोक हसायला लागले. आणि दुसरी गोष्ट, हीरोला भांडायची हौस नको, त्याला दुसरंच काहीतरी काम असावं. आमच्या हीरोला मामीने तेलाची बरणी भरून आणायला पाठवलंय, एवढीच स्टोरी. बरणी सांडता कामा नये. आता चार जण मारायला आले तर एक हात बरणी धरण्यात अडकलेला, उरलेल्या एका हाताने काय ते करायचं. अडचण टाकली की कॉमेडी आपोआप बाहेर येते, वेगळे जोक लिहावे लागत नाहीत. हातात वस्तू, अंगात भीती, आणि घरी लवकर जायचंय, या तीन गोष्टी झाल्या की तुमचा हीरो तयार.

जागा आणि सामान. यात आपण श्रीमंत आहोत बरं का. जॅकीच्या फायटिंगमध्ये हत्यार म्हणजे जे हाताला लागेल ते, खुर्ची, शिडी, टोपी, बाकडं. 1996 च्या 'फर्स्ट स्ट्राईक'मधली शिडीवाली फाईट शोधून बघा, साधी घडीची शिडी आहे पण तिचा त्याने जो काही वापर केलाय, आत घुसतो, बाहेर निघतो, त्यात समोरच्याचं डोकं अडकवतो. आता आपल्या अंगणात शिडी सोडून अजून किती आहे बघा, खाट आहे, घमेलं आहे, सूप आहे, केळीचे क्रेट आहेत, उखळ आहे (मुसळाला मात्र हात लावू नका, चुकून बसलं तर व्हिडिओ राहतो बाजूला). नियम असा ठेवा की एका फाईटमध्ये दोनच वस्तू, पण एकेका वस्तूचे पाच-सहा उपयोग काढायचे. पोरं उलटं करतात, वीस वस्तू आणून प्रत्येकीने एकेकदा हाणतात, ते भांड्याच्या दुकानात मांजर शिरल्यासारखं दिसतं.

आम्ही खाट घेतली, सुताच्या विणीची जुनी. अर्धा दिवस नुसतं तिच्याभोवती फिरलो, कॅमेरा घरातच होता. काय काय निघालं सांगतो, खाली लपता येतं हे तर सगळ्यांनाच कळतं, पण उभी केली की दार होतं आणि विणीच्या भोकातून समोरच्याचं नाक धरता येतं. आडवी धरून ढकलली की तिघं एकदम मागे जातात. व्हिलन रागाने उडी मारून त्यावर आदळला की सैल विण त्याला झोळीसारखी पोटात घेते आणि त्याचे पाय वर होतात, हा शॉट ठरवलेलाच नव्हता, दादा खरंच अडकला आणि आम्ही तोच ठेवला. आणि सगळ्यात भारी म्हणजे मारामारीच्या मध्येच दम लागला म्हणून हीरो खाटेवर बसतो, व्हिलन पण शेजारी बसतो, दोघं धापा टाकतात, हीरो बरणी चेक करतो, मग दोघांना एकदम आठवतं की अरे आपण तर भांडत होतो. यावर लोक जेवढे हसले तेवढे कुठल्याच ठोशावर हसले नाहीत.

आता रिहर्सल. इथे नव्वद टक्के पोरं ढेपाळतात. जॅकी लहान असताना, सहा-सात वर्षांचा, त्याला हाँगकाँगमधल्या चायना ड्रामा अकॅडमीत घातला, म्हणजे पेकिंग ऑपेरा शिकवणारी शाळा, गुरू युई जिम-युएन, कडक आणि मारकुटा माणूस. दहा वर्षं तिथेच राहून कोलांट्या, गाणं, तोंड रंगवणं, काठी फिरवणं सगळं शिकला, सामो हंग आणि युएन बियाओ हे त्याचे तिथलेच सोबती. आपल्याकडे कसं तमाशाच्या फडात जन्मलेलं पोरगं ढोलकी ऐकतच चालायला शिकतं, तसलंच. तर त्या ऑपेरात सगळ्या हालचाली झांजा-ढोलाच्या तालावर असतात आणि तोच ताल त्याच्या फायटिंगमध्ये उतरलाय. डोळे मिटून नुसता आवाज ऐका, टक टक, टकाटक, थांब, धाड. ठेका आहे तो.

म्हणून आम्ही काय केलं, एकाला थाळी आणि चमचा देऊन ओट्यावर बसवला. तो वाजवणार, बाकीचे त्याच्यावर हालणार. आधी एकदम हळू, म्हशीच्या चालीने, ठोसा, चुकवलं, फिरला, घमेलं समोर धरलं, टण्ण, आणि इथे एक ठोका रिकामा. हा रिकामा ठोका विसरू नका, घमेल्यावर हात आपटल्यावर व्हिलनला 'आपला हात मोडला' हे कळायला जो वेळ लागतो ना तो रिकामा ठोका, हसू तिथेच येतं. एका शॉटमध्ये चार-पाचच हालचाली ठेवा, जास्त पाठ होत नाहीत. हळू चालीत न चुकता दहा वेळा झालं की मग स्पीड वाढवा. आमचा पहिला शॉट सव्वीसाव्या टेकला ओके झाला, थाळीवाला कंटाळून दोनदा घरी जाऊन आला.

मार खाणाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण व्हिडिओ तोच चालवतो. मारणारा कितीही भारी असू दे, समोरचा मुकाट्याने आडवा झाला तर सगळं पाण्यात. ठोसा तोंडापासून वीतभर लांबूनच जाणार, लागणार नाही, त्यामुळे लागल्याचं नाटक सगळं खाणाऱ्याच्या मानेत. मूठ नाकाच्या रेषेत आली त्या क्षणाला मान झटकायची, आधी झटकली तर जोतिष सांगितल्यासारखं दिसतं. आणि प्रत्येकाचा मार खायचा प्रकार वेगळा ठेवा. एकजण आधी दोन सेकंद ताठ उभा राहील मग पडेल, एकजण पडल्यावर चप्पल शोधेल, एकजण ओरडेल "मन्हा दात, मन्हा दात" आणि बाकीचे मारामारी थांबवून दात शोधायला लागतील. अहिराणीत ओरडू द्या त्यांना, हिंदीत डायलॉग मारायला लावले की तीच पोरं शाळेच्या गॅदरिंगला उभी राहिल्यासारखी होतात.

कॅमेरा. मोबाईल आडवा, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतील एवढा लांब, आणि हलवायचा नाही. आजकाल कॅमेरा एवढा थरथरवतात आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाला कट मारतात की कोणी कोणाला मारलं तेच कळत नाही, ते सगळं ॲक्टरला फायटिंग येत नाही हे लपवायला असतं. जॅकीचं बघा, मारणारा आणि खाणारा एकाच फ्रेममध्ये, मार आणि त्याचा परिणाम एकाच शॉटमध्ये. घमेल्यावर ठोसा एका शॉटमध्ये आणि व्हिलनचं वेडंवाकडं तोंड दुसऱ्यात असं केलं की निम्मं हसू वाटेतच सांडतं. कॅमेरा उभा करायचा तो मारणाऱ्याच्या खांद्यामागे थोडा तिरका, म्हणजे मधली वीतभर जागा दिसत नाही. बाजूने लावला की सगळी पोल खुलते.

वरून शॉट पाहिजे असेल तर ड्रोन भाड्याने घेत बसू नका. आपल्या शेजारच्या मालेगावात स्वतःचे गावठी पिक्चर काढणाऱ्या शेख नासिर आणि त्यांच्या मंडळींनी सायकलवर बसून ट्रॉली शॉट काढले आणि बैलगाडीची क्रेन केली, त्यावर माहितीपट पण झाला आणि आता तर हिंदी पिक्चरपण आला. आम्ही बैलगाडी उलाळ करून तिच्या जुवाला मोबाईल बांधला, मागून दोघांनी दाबलं की पुढून मोबाईल वर जातो, मस्त शॉट आला. पहिल्यांदा सुतळीने बांधलेला तो सुटून शेणात पडला हे वेगळं. रबरी ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधा, आणि खाली गोधडी धरून एकाला उभा ठेवा.

वेळ सकाळी सहा ते नऊ. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, दहानंतर मोबाईल गरम होऊन स्वतःच बंद पडतो आणि पोरं त्याच्या आधी.

आता पडण्याचं, आणि हे जरा सिरियसली घ्या. जॅकीच्या स्टंटचे व्हिडिओ बघून पोरांना चेव येतो. 1983 च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छपरं फाडत जमिनीवर पडतो, 1985 च्या 'पोलीस स्टोरी'त मॉलच्या वरच्या मजल्यावरून खांबाला धरून पेटत्या दिव्यांच्या माळांमधून घसरत खाली येतो, तळहात भाजले होते त्याचे. पण जीवावर कुठे बेतलं माहितीये का, 1986 च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या शूटिंगला, भिंतीवरून झाडाच्या फांदीवर एक साधी उडी. फांदी मोडली, डोकं दगडावर, कवटी फुटली आणि ऑपरेशन करावं लागलं. त्याच्यासाठी ती रोजची उडी होती. आपण ओट्यापेक्षा उंचावरून उडी मारायचीच नाही, ओटा म्हणजे फार तर कंबरेएवढा. डोक्यावर पडायचं नाही, विहिरीच्या काठावर शूटिंग नाही, आणि दारू प्यायल्याची ॲक्टिंग करायला दारू लागत नाही हे पण एकाला समजवावं लागलं आम्हाला.

खाली काय टाकायचं? आम्ही आधी शहाणपणा करून घरातल्या कापसाच्या ढिगावर उडी मारायला लावली, दिसतो मऊ पण सुटा कापूस बाजूला सरकतो आणि माणूस थेट फरशीवर, चुलतभावाचं कोपर पंधरा दिवस सुजलेलं होतं. वर काका ओरडले ते वेगळंच, कापसात माती गेली म्हणून. रावेर-सावद्याकडे केळी भरायचे पुठ्ठ्याचे खोके मिळतात, ते रिकामे, तोंड उघडं ठेवून दोन थर लावा, आजूबाजूने दोरी बांधा म्हणजे सरकत नाहीत, आणि वर गादी. खोका दबतो, आतली हवा निघते, माणूस हळूच बसतो. खरे स्टंटवाले पण खोकेच वापरतात. प्लास्टिकचा क्रेट चुकून पण नको, त्याची कड बरगडीत घुसते.

एडिटिंग थोडक्यात, कारण हे सगळ्यांना येतं. स्पीड एक पॉइंट एक करा, फार तर एक पॉइंट पंधरा, त्याच्यावर गेलात की जुन्या मुक्या पिक्चरसारखं तुरुतुरु दिसतं. एखादा ठोसा जोरात बसलाय असं दाखवायचं असेल तर लांबच्या शॉटमध्ये ठोसा लागू द्या आणि जवळच्या शॉटची सुरुवात लागायच्या दोन-तीन फ्रेम आधीपासून करा, म्हणजे तोच ठोसा डोळ्याला दोनदा बसतो. दुसऱ्यांदा दाखवलंय हे कळत नाही, फक्त जोरात वाटतं. 'पोलीस स्टोरी'त तर ती खांबावरची घसरण सरळ तीनदा दाखवलीये, लपवलं पण नाही. आवाज मात्र नेटवरून उतरवू नका, घरीच काढा. ओला टॉवेल दगडावर आपटला की ठोसा, कपाशीची वाळलेली काडी मोडली की हाड, काकडी मोडली की बोट. घमेल्याचा आवाज घमेल्याचाच.

शेवटची फाईट कशी सुचत नव्हती ते सांगतो. 'ड्रंकन मास्टर'मध्ये बेवडा म्हातारा त्याला आठ दारुड्या देवांचे आठ प्रकार शिकवतो, त्यातला आठवा एका देवीचा. पोरगं म्हणतं हे बायकी काय शिकायचं, आणि टाळतं. शेवटी व्हिलनसमोर सातही प्रकार संपतात आणि ते आठवं तर याने शिकलेलंच नसतं, मग ऐनवेळी स्वतःच्या मनाने लचकत मुरडत ते करतं आणि तिथेच जिंकतं. हे बघून झाल्यावर मी पाणी प्यायला आत गेलो तर मामी मांडे करत होती.

ज्यांनी खान्देशातले पुरणाचे मांडे होताना बघितले नाहीत त्यांना सांगतो, पोळपाट-लाटण्याचं काम नुसतं सुरुवातीला. पुरण भरलेली पोळी मग हातावर घ्यायची, या हातावरून त्या हातावर फिरवत झुलवत मोठी करत न्यायची, मनगटावरून पार कोपरापर्यंत जाते, एवढी पातळ की पलीकडचा दिवा दिसावा, आणि मग एका झटक्यात चुलीवरच्या पालथ्या खापरावर. फाटत नाही, घडी पडत नाही. मी तिथेच उभा राहून बघत बसलो, मनगट कसं वळतं, खांदा कसा ढिला, वजन या पायावरून त्या पायावर. कुंगफूच आहे हे. तीस-चाळीस वर्षांची प्रॅक्टिस असलेली उस्ताद घरात आणि आम्ही मोबाईलवर शोधतोय.

तर शेवट असा केला, हीरोचं सगळं संपलंय, खाट मोडली, घमेलं चेपलं, व्हिलन त्याला मामीच्या चुलीपर्यंत मारत आणतो (चूल विझलेली होती शूटिंगला, आणि मांडा कच्चा, हे पण लिहून ठेवा). मामी वैतागून मांडा त्याच्या हातावर देते, हे धर, फाटला तर बघ. आता एका हातात बरणी, दुसऱ्या हातावर मांडा, आणि मांडा फाटू नये म्हणून हात जसा फिरवावा लागतो त्याच फिरण्यात व्हिलनचा प्रत्येक ठोसा चुकतो. चुलतभावाला यासाठी मामीकडे चार दिवस बसवला, साध्या कणकेवर. तिने ओरडून ओरडून शिकवलं, मनगट ढिलं सोड, काठी झालीये का हाताची. शेवटी व्हिलन दमून स्वतःच पडतो, हीरो मांडा खापरावर टाकतो, बरणी मामीला देतो, मामी उघडून बघते आणि म्हणते गोडं तेल सांगितलं होतं, हे सरकीचं आणलंस. कट.

आणि एक, चुकलेले टेक डिलीट करू नका. जॅकीच्या कितीतरी पिक्चरांच्या शेवटी नावं येताना चुकलेले शॉट असतात, कोणी पडतंय, कोणी हसतंय, कोणाला खरंच लागलंय, लोक त्यासाठी थेटरात बसून राहायचे. आमच्याही शेवटी टाकलेत. त्यात एका टेकमध्ये मांडा हातावरून सुटून अख्खा दादाच्या तोंडावर बसतो, नाका-डोळ्यासकट झाकला, तो आंधळ्यासारखा चाचपडतोय, चुलतभाऊ बरणी सोडून पोट धरून खाली बसलाय, आणि मागून मामीचा आवाज येतो, "पुरन वाया गयं ना रे भो!"